दोन सरक्यांच्या आत

आमच्या गावात गुलाबी बोंडअळी माहीत नसलेला माणूस सापडणार नाही. पाचवीतलं पोरगंसुद्धा हिरवी कैरी, म्हणजे कापसाचं न फुटलेलं बोंड, दगडानं फोडतं आणि आतली अळी बोटावर घेऊन दाखवतं. पण त्या अळीचं पाखरू पाहिलंय का, असं विचारलं की माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. मी कापसाच्या घरातला, पऱ्हाट्या, म्हणजे वेचणी झालेली कापसाची झाडं, उपटून लहानपणीच हाताला घट्टे पडलेले. तरी चाळिशी उलटेपर्यंत मीही ते पाहिलं नव्हतं. दिव्यावर आलं असेल, ताटात पडलं असेल, बोटानं काढून टाकलं असेल. ओळख मात्र नव्हती.

ओळख झाली ती प्लास्टिकच्या पिशवीत. पोळ्याला गावी गेलो होतो. मानवतपासून दहा-बारा किलोमीटर आत आमचं गाव. शेती धाकटा भाऊ बघतो, मी परभणीत पोरं शिकवतो. भावानं त्या वर्षी एकरी दोन कामगंध सापळे लावले होते. वर झाकण, त्याला अडकवलेली रबराची बारकी गोळी, खाली नरसाळं आणि नरसाळ्याला लोंबणारी लांब पिशवी. म्हणाला, "दादा, तू मास्तर माणूस. तेवढे मोज बरं. सलग तीन रात्री आठ-आठ पडले की फवारणी घ्यायची म्हणून सांगितलंय."

पिशवीच्या तळाला चिमूटभर राख पडल्यासारखं दिसत होतं. ती राख मी वहीच्या कागदावर ओतली तेव्हा तिला पाय फुटले. अकरा पाखरं. पंख मिटलेलं एकेक जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर, म्हणजे जिऱ्याच्या दाण्याहून थोडं लांब. वरचे पंख मातकट करडे, त्यांवर काळपट डाग. पोपडे निघालेल्या धाब्याच्या भिंतीचा असतो तसला रंग. काडीनं पंख उचलला तर खाली दुसरा पंख निघाला रुपेरी, आणि त्याच्या कडेला केसांची झालर. इतकी बारीक की माझ्या श्वासानं हलत होती. मी भावाला हाक मारली. तो लांबूनच म्हणाला, "त्याला काय बघायचंय? आकडा सांग."

अकरा, म्हटलं. सगळे नर. त्या रबराच्या गोळीला मादीचा वास लावलेला असतो. मादी मध्यरात्रीनंतर पोटाच्या टोकातून जो गंध सोडते, त्याची रासायनिक ओळख १९७३ साली पटली आणि मग तो कारखान्यात बनू लागला. दोन जवळजवळ सारख्या रेणूंचं हे मिश्रण, साधारण निम्मं निम्मं. एवढ्यावर अकरा नर रात्री पिकावरून उडत आले, गोळीभोवती घिरट्या घातल्या आणि नरसाळ्यात घसरले. मादी सापळ्यात सापडत नाही. ती त्या वेळी कापसात कुठंतरी खरोखरची बसलेली असते.

दिवसा हे पाखरू मातीच्या भेगांत, पडलेल्या पाल्याखाली दडून राहतं. आमच्या काळ्या रानाला भेगांची काय कमी! सगळा कारभार रात्रीचा, तोही माणसं झोपल्यावरचा. त्यामुळं न दिसणं समजू शकतो. पण मला वाटतं, आपल्या बोलण्यातही एक गोम आहे. आपण म्हणतो, कीड पडली. रोग पडला. आभाळ आलं, अळी पडली. माय तर अजून असंच सांगते, की दोन दिवस ढगाळी राहिली, ऊन निघालं नाही, की वरून अळी पडते. गारा पडाव्यात तशी. या क्रियापदात आई नाही. अंडं घालणारं कुणी नाही. अळी आहे, तिच्या आधीचं काही नाही आणि तिच्या नंतरचंही काही नाही. उंबरा ओलांडून शेजारच्या घरात जावं तसं हे पाखरू आपल्या भाषेतून निसटून गेलंय.

त्या दिवसापासून मी त्याच्या मागं लागलो. वर्षभर. पिकाचा अभ्यास म्हणून नाही. तो भाऊ माझ्यापेक्षा बरा करतो. मला त्याचं वर्ष कसं जातं ते बघायचं होतं.

अंडं बघायला मिळालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. ते अर्धा मिलिमीटर असतं. बोंडाच्या बुडाशी जो हिरवा पेला असतो, त्याच्या आतल्या बाजूला मादी एक-एक किंवा चार-पाच अशी अंडी चिकटवते. एक मादी आयुष्यात शंभर-दोनशे अंडी सहज घालते. घालताना पांढरी, मग नारिंगी होत जातात. तीन ते पाच दिवसांत अळी निघते. मिलिमीटरभर, पांढरट, डोकं काळं. गुलाबी अजून व्हायची असते. निघाल्यावर ती बाहेर रेंगाळत नाही, तास-दोन तासांत पात्यात म्हणजे कळीत, फुलात नाहीतर कैरीत शिरते. कैरी कोवळी असते, शिरलेलं भोक भरून येतं. बाहेरून बघाल तर हिरवीगार, टणक, मुलाच्या गालासारखी. फवाऱ्याचं पाणी त्या कैरीवरून ओघळतं आणि अळी आत कोरड्या घरात सरकी खात बसलेली असते.

फुलात शिरली तर मात्र खूण सोडते. तिला आमच्याकडं डोमकळी म्हणतात. कापसाचं फूल सकाळी पिवळसर पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं, मग गळतं. अळी आत असली तर ती पाकळ्यांना आतून रेशमानं टाचून टाकते. फूल उमलायला बघतं पण उमलत नाही. पिरगळलेलं, गुलाबाच्या मिटल्या कळीसारखं राहतं. लांबून फार देखणं दिसतं, हीच फसगत. लहानपणी माझी मोठी बहीण ती केसांत खोवायची आणि माय तिच्या पाठीत धपाटा घालायची. मायला डोमकळी पाच तासांवरून, म्हणजे पाच ओळींपलीकडून, दिसते. अजूनही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, फोनवरचं नाव वाचता येत नाही, पण निंदता निंदता ती मध्येच उठते, चार झाडं ओलांडते आणि नेमकं ते फूल खुडून पदराच्या ओट्यात टाकते. मी तिच्या मागं मागं जाऊन दोनदा हरलो. माझ्या हाताला लागलेली फुलं नुसतीच उशिरा उमलणारी निघाली. ओट्यातल्या डोमकळ्या घरी आणायच्या नाहीत, बांधावर खड्डा करून पुरायच्या, हा तिचा नेम. कुणी शिकवला विचारलं तर म्हणाली, "शिकवायला काय लागतं? किडकं घरी कोण आणतं?"

अळी आत बारा-पंधरा दिवस खाते, कात बदलत वाढते, शेवटी अर्ध्या इंचाची होते आणि तेव्हा कुठं अंगावर गुलाबी पट्टे येतात. मग बोंडाला गोल भोक पाडून खाली उतरते, मातीत किंवा पाल्यात कोष करते, आठ-दहा दिवसांनी पाखरू. असा महिन्याभराचा फेरा. पाते लागल्यापासून कापूस संपेपर्यंत एकावर एक चार-पाच पिढ्या निघतात. पहिली पिढी फुलांवर भागवते, पुढच्या कैऱ्यांत. म्हणून दसऱ्यापर्यंत पीक झकास दिसतं. पहिल्या वेचणीला सीतादही होतं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला जातो, कापूस पांढराशुभ्र येतो. नंतरची बोंडं नीट फुटत नाहीत. फुटली तर पाकळी चिकटलेली, पिवळी, अर्धी घट्ट. कवडी. वेचणारणींची बोटं त्यात अडकतात, टोकं टोचतात आणि किलोमागं मजुरी तेवढीच.

इथपर्यंतचं सगळं कुठल्याही पत्रकात सापडेल. मला ज्यानं धरून ठेवलं ते पुढचं आहे.

पावसाळा सरतो, दिवस लहान होतात, रात्री गार पडायला लागतात. शेतात कैऱ्या जून झालेल्या, सरकीत तेल भरलेलं. त्या वेळी वाढत असलेली अळी पोटभर खाते, पण कोष करत नाही. सरकीचा दाणा आतून पोखरून त्यात अंगाची मोळी करून झोपते. एक दाणा पुरला नाही तर शेजारचाही पोखरते आणि दोन्ही दाणे रेशमानं तोंडाला तोंड लावून जोडते. दोन दाण्यांची एक खोली. कापसाच्या ढिगात हात घालून चाळलं तर अशी जोडसरकी सापडते, सुटी करायला गेलं तर चिवटपणे धरून राहते. आत अळी जिवंत, पण खात नाही, वाढत नाही, हलतही नाही म्हणावं इतकी. अशी ती महिनोन्‌महिने राहते. वर्षाहून जास्त राहिल्याच्याही नोंदी आहेत. कापूस गाडीत भरला, तिलाही भरलं. जिनिंगमध्ये रुई एकीकडं गेली, सरकी दुसरीकडं, ती सरकीबरोबर. उरलेल्या कैऱ्यांत अडकली तर पऱ्हाटीसोबत आमच्या अंगणात, चुलीच्या जळणाच्या गंजीत.

आमच्या घराची मागची भिंत आणि पऱ्हाटीची गंजी यांत हातभर अंतर होतं. तीस वर्षं मी त्या गंजीला टेकून अभ्यास केला. हजारोंच्या झोपेला पाठ लावून बसत होतो म्हणायचं.

ही झोप तिला नवी नाही. हे पाखरू बाहेरून आलेलं नाही. १८४२ साली भडोचच्या कापसात अळ्यांनी नुकसान केलं, तिथून नमुने विलायतेला गेले आणि १८४३ साली सॉन्डर्स नावाच्या कीटकतज्ज्ञानं त्यांचं पहिलं शास्त्रीय वर्णन लिहिलं. आज त्याचं नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. मागच्या शब्दात कापूसच आहे. तेव्हा संकरित वाण नव्हते, पाकिटातलं बियाणं नव्हतं. आपला देशी कापूस होता. पुढं हिंदुस्थानातल्या सरकीत झोपलेली अळी बोटीत बसली. १९०६-०७ च्या सुमाराला इजिप्तला पोचली, तिथल्या बियाण्यातून १९११ साली मेक्सिकोत, १९१७ साली टेक्सासात. पासपोर्ट नाही, खर्च नाही, वाटेत खाणं नाही. झोपेत जग फिरून आली. आमच्या गावातून मुंबई बघितलेलीसुद्धा अर्धी माणसं नसतील.

आता माझ्या वाट्याचं सांगतो, कारण ते टाळून हा लेख पुरा होणार नाही.

२००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारं विष झाडाच्याच अंगात. आमच्याकडं दोन-तीन वर्षांनी आला. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशेच्या वर रुपये. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, व्यापाऱ्याकडून उचल घेऊन आणलं. त्या पाकिटाबरोबर एकशेवीस ग्रॅमचं छोटं पाकीट फुकट यायचं, साध्या बियाण्याचं. ते बीटीच्या कडेनं पाच ओळी लावायचं. मी तेव्हा कॉलेजात, सुट्टीला आलेलो. अण्णा म्हणाले, "हे बी कडेनं लाव." मी हिशोब केला. पाच ओळी म्हणजे एवढं रान मुद्दाम किडीला खाऊ घालायचं? छोटं पाकीट मी उकिरड्यावर रिकामं केलं आणि कडेच्या ओळींतही बीटीच लावला. अण्णांना सांगितलं, लावलं. पुढच्या वर्षी त्यांनी विचारलंच नाही, कारण गावात कुणीच लावत नव्हतं. पोरं त्या रिकाम्या पाकिटांच्या होड्या करायची.

त्या पाच ओळींचं काम मला फार उशिरा कळलं. लाखांत एखादी अळी अशी असते की तिला बीटीचं विष बाधत नाही. तिचं पाखरू झालं, तर त्याला जोडीदार कुठला मिळणार? सगळ्या शिवारात फक्त बीटी असेल तर तिच्यासारखाच दुसरा वाचलेला. पण कडेच्या साध्या कापसातून साधी पाखरं उडत असतील तर जोडी बहुतेक साध्याशी जमेल, आणि पोरं विषाला बळी पडत राहतील. पाच ओळी लग्नं मोडायला होत्या. आम्ही त्या उकिरड्यावर टाकल्या.

२००६ साली दोन विषांचा बीटी आला. २०१० साली गुजरातेतल्या अळ्यांनी पहिलं विष पचवल्याची बातमी आली, पुढच्या पाच-सहा वर्षांत दुसरंही पचलं. आणि दुसरीकडं आम्ही तिला वर्षभर जेवू घालत होतो. फरदड! वेचणी झाली की पऱ्हाटी उपटायची नाही, पाणी द्यायचं, खत टाकायचं, पुन्हा बोंडं धरायची. २०१६ चा पाऊस चांगला झाला होता, जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी होतं, कापसाला भाव बरा होता. डिसेंबरात अण्णांचा फोन आला, "उपटून गहू टाकावं म्हणतो." मीच म्हटलं, "राहू द्या की, दोन वेचण्या निघतील." निघाल्या. मार्चपर्यंत कापूस उभा राहिला. जी अळी डिसेंबरात उपाशी झोपायची, तिला ताजी बोंडं मिळत राहिली. दारात पंगत चालू असताना झोपतंय कोण?

२०१७ च्या हिवाळ्यात बोंडअळीनं महाराष्ट्रभर कापसाचं जे केलं ते सगळ्यांना आठवतं. यवतमाळकडं त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. आमच्याकडं कुणी मेलं नाही. अण्णा धुऱ्यावर बसून एक-एक कैरी फोडत होते, बघत होते, बाजूला ठेवत होते. दहातल्या सात-आठ किडक्या. फुटलेल्या कैऱ्यांचा ढीग झाला तेव्हा उठले आणि गुरं सोडून दिली उभ्या पिकात. मला काही बोलले नाहीत. फोनवरच्या त्या दोन वेचण्यांचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही नाही. आता ते नाहीत.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, अमेरिकेनं जाहीर केलं की त्यांच्या कापसातून गुलाबी बोंडअळी संपली. टेक्सासात उतरल्यावर शंभर वर्षांनी. त्यांनी काय केलं ते मी वाचलं. बीटी लावला, मादीचा गंध शेतभर पसरवून नरांना चकवलं, पऱ्हाट्या वेळेवर गाडल्या. आणि ॲरिझोनात कारखाना काढून कोट्यवधी पाखरं पोसली, किरणांनी वांझ केली आणि विमानातून शेतांवर सोडली. त्या पाखरांच्या खाण्यात लाल रंग घालत. म्हणजे सापळ्यात सापडलेलं पाखरू चिरडलं की आत लाल निघालं तर आपलं, नाही निघालं तर रानातलं. मला या सगळ्या हकिकतीत तो लाल रंगच लक्षात राहिला. कुणीतरी त्या राखेएवढ्या जिवांना इतक्या जवळून बघत होतं. त्यांच्याकडं ते परदेशी होतं, हेही आहे. पाहुण्याला हाकलता येतं. आपल्या इथं ते घरचंच. देशी कापूस होता तेव्हाही होतं, पण तेव्हा वर्षातले काही महिने शिवारात कापूस नसायचा, आणि तेवढ्यात त्याची संख्या बेतात राहायची.

गेल्या माघात भाऊ पऱ्हाटी उपटत होता. आता तो डिसेंबर-जानेवारीच्या पुढं कापूस ठेवत नाही. ट्रॅक्टरला यंत्र लावून काड्यांचा भुगा करतो. मायच्या चुलीला गॅस आल्यापासून गंजीचीही गरज राहिली नाही. शेवटच्या वेचणीचा थोडा कवडी कापूस कोठ्याच्या कोपऱ्यात पडला होता. तो मी मांडीवर घेऊन बसलो आणि दुपारभर बोटांनी सरकी काढली. सहा जोडसरक्या सापडल्या. काचेच्या बरणीत थोडी माती, वर त्या सहा, तोंडाला मायच्या जुन्या लुगड्याचं फडकं दोरीनं बांधलं आणि बरणी देवळीत ठेवली.

"किडं घरात ठिवायलास का?" माय.

"मेलेले असतील," मी म्हटलं.

होळी गेली, पाडवा गेला. चैत्र-वैशाखात परभणीत पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, गावात काय वेगळं! धाब्याच्या घरात बरं असतं एवढंच. मी दर पंधरवड्याला जाऊन बघायचो. सरक्या होत्या तशा. एकदा हलवून बघितल्या, आवाज आला नाही. या अळीला जागं करायला ऊब आणि ओल दोन्ही लागतात, म्हणून जूनमध्ये रोहिण्यांचा पहिला पाऊस झाला तेव्हा मी बरणीतल्या मातीवर चमचाभर पाणी शिंपडलं. मृगाच्या तोंडाला पाऊस पुन्हा आला. भावानं सरकी लावली. पूर्वी मे महिन्यातच ठिबकावर लावायचा. मधली काही वर्षं कृषी खात्यानं एक जूनआधी बियाणंच विकू दिलं नाही, तेव्हापासून थांबायची सवय लागली. त्या थांबण्यामागचं गणित असं, की मे-जूनमध्ये जागी झालेली पाखरं बाहेर यावीत तेव्हा शिवारात त्यांच्यासाठी एकही पातं नसावं. अभ्यासक याला आत्मघाती उदय म्हणतात. शब्द फारच जड आहे. पाखरू बिचारं वेळेवरच आलेलं असतं.

लावणीनंतर दहाव्या-बाराव्या दिवशी मी गावी होतो. दिवेलागणीला देवळीतली बरणी घेतली तर फडक्याच्या आतल्या बाजूनं काहीतरी करडं बसलेलं. दुसरं मातीवर. दोन. सहापैकी दोनच. बरणी कंदिलाजवळ नेली तसं वरचं उडालं, काचेवर आपटलं, खाली बसलं, पुन्हा चढायला लागलं. पंखाची झालर आता हलत होती ती माझ्या श्वासानं नव्हे.

माय जवळ आली. चष्मा शोधला, सापडला नाही, बरणी डोळ्यांपाशी धरली. पन्नास वर्षं डोमकळ्या खुडलेल्या हातात ती बरणी होती.

"एवढंसंच?"

"एवढंसंच."

बराच वेळ तिनं बरणी फिरवून फिरवून बघितली. मग म्हणाली, "सोडायचं न्हाई हं."

"नाही सोडत."

"किती दिवस जगंल?"

"आठ-पंधरा दिवस."

"आन् आपल्या सरकीला पातं कधी?"

"अजून महिना."

बाहेर रान ओलं होतं. चाऱ्यांत पाणी साचलेलं, कापसाची दोन-दोन पानं वर आलेली. मायनं बरणी कंदिलापासून लांब, पुन्हा देवळीत ठेवली, फडक्याची दोरी नीट आवळली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मग एवढ्या लवकर कशाला उठलं म्हणावं?"